डहाणू-तलासरीत इलेक्ट्रिक गाडी घेताना: पिकअप हवा की पल्ला?

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असं घरात एकदा ठरलं की शोरूममध्ये दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड असतो. एकाच नावाची गाडी दोन-तीन रूपांत समोर असते. एक साधी, लहान बॅटरीची. दुसरी मोठ्या बॅटरीची. काही गाड्यांत त्याच्याही वर एक 'परफॉर्मन्स' आवृत्ती असते, तिची मोटर जास्त ताकदीची असते किंवा एकीऐवजी दोन मोटरी असतात. विक्रेता म्हणतो, "साहेब, दोन लाखांचाच फरक आहे, हप्त्यात जाणवणारही नाही." दोन लाख रुपये नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर महिन्याला सुमारे 3,200 रुपये हप्ता वाढतो आणि फिटेपर्यंत 2 लाख 70 हजार जातात. चिकूच्या वाडीवर किंवा शिक्षकाच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा आकडा चांगलाच जाणवतो.

मुंबई-पुण्याच्या ग्राहकासाठी दिलेला सल्ला डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जसाच्या तसा लागू पडत नाही. इथली रोजची ये-जा वेगळी, रस्ते वेगळे आणि विजेची गोष्ट तर फारच वेगळी. माझं मत आधीच सांगून टाकतो. इथे जास्तीचा पैसा घालायचाच असेल तर तो पल्ल्यात घालावा, पिकअपमध्ये नाही. आणि पल्लाही आपल्या घरची ये-जा मोजून, तेवढाच घ्यावा.

फरक नेमका कशात आहे?

'वरचं मॉडेल' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पैसे कशाचे घेतले जात आहेत हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिल्या प्रकारात बॅटरी मोठी होते आणि तिच्यासोबत ताकदही वाढते. इलेक्ट्रिक गाडीची मोटर किती जोर लावू शकते हे बरंचसं बॅटरी एका वेळी किती वीज सोडू शकते यावर ठरतं, म्हणून मोठ्या बॅटरीला जास्त जोर सहज परवडतो. महिंद्राची बीई 6 नोव्हेंबर 2024 मध्ये बाजारात आली तेव्हा 59 किलोवॉट-तासाच्या बॅटरीला 170 किलोवॉट ताकद होती आणि 79 च्या बॅटरीला 210. टाटाच्या पंच ईव्हीत 2024 साली 25 च्या बॅटरीला 60 किलोवॉट आणि 35 च्या बॅटरीला 90 किलोवॉट होती. अशा गाडीत पल्ला आणि पिकअप एकाच किमतीत येतात. तुम्हाला फक्त पल्ला हवा असला तरी पिकअप पदरात पडतो. याउलट एमजीच्या विंडसरमध्ये 38 ची बॅटरी 52.9 वर गेली, पण मोटर तीच 136 अश्वशक्तीची राहिली. तिथे वरच्या मॉडेलचे पैसे मुख्यतः पल्ल्याचे आहेत, आणि आपल्याकडच्या गरजेला हा सौदा जास्त जुळतो.

दुसऱ्या प्रकारात बॅटरी तीच राहते आणि मोटर वाढते. खरी परफॉर्मन्स आवृत्ती ही. याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण म्हणजे बीवायडीची सील. मार्च 2024 मध्ये ती भारतात आली तेव्हा मधल्या आणि वरच्या, दोन्ही मॉडेलांत 82.56 किलोवॉट-तासाची एकच बॅटरी होती. मधल्या मॉडेलला मागच्या चाकांवर एक मोटर, 313 अश्वशक्ती आणि कंपनीच्या आकड्यानुसार 650 किलोमीटर पल्ला. वरच्या मॉडेलला दोन मोटरी, 530 अश्वशक्ती आणि पल्ला 580. किंमत 45 लाख 55 हजारांवरून 53 लाखांवर. म्हणजे साडेसात लाख रुपये जास्त देऊन सत्तर किलोमीटर कमी मिळाले. बदल्यात काय मिळालं? शून्यापासून शंभरचा वेग 5.9 सेकंदांऐवजी 3.8 सेकंदांत. हे दोन सेकंद आशागडच्या रस्त्यावर कुठे खर्च करणार, हा प्रश्न विचारून पाहावा.

प्रत्येक गाडीत तोटा एवढा ठळक नसतो. टाटाच्या हॅरियर ईव्हीत 75 च्या बॅटरीवर एका मोटरीचं मॉडेल 627 किलोमीटर आणि चारही चाकं ओढणारं मॉडेल 622 किलोमीटर असे अधिकृत आकडे आहेत. 2025 मध्ये ती आली तेव्हा त्याच सजावटीच्या दोन मॉडेलांत दीड लाखाचा फरक होता. चार चाकांची ओढ हवी असणाऱ्याला हा सौदा वाईट नाही. पण ती ओढ कोणाला हवी, हे पुढे बघू.

तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ सजावट. मोठा पडदा, काचेचं छत, हवा खेळवणाऱ्या सीट, रंगीत दिवे. बॅटरी आणि मोटर खालच्या मॉडेलचीच. हौस असेल तर जरूर घ्या, पण गाडी जास्त चांगली चालेल म्हणून घेऊ नका. एक अपवाद मात्र आहे. सहा एअरबॅग, चाकांतल्या हवेचा इशारा, घसरण रोखणारी यंत्रणा यांपैकी काही खालच्या मॉडेलात नसेल आणि वरच्यात असेल, तर तो पैसा बिनदिक्कत द्या.

आपली ये-जा मोजा

आपल्याकडे कोण किती फिरतं ते बघू. डहाणूहून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाणारे, तलासरीहून उंबरगाव किंवा वापीला जाणारे, वाणगाव-चिंचणीकडून डहाणूला येणारे यांची रोजची ये-जा पन्नास ते सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते. सायवन, उधवा, धुंदलवाडीकडे नोकरी असलेले शिक्षक, आरोग्य कर्मचारी, ग्रामसेवक यांचंही साधारण तेवढंच. यासाठी बाजारातली जवळजवळ कोणतीही इलेक्ट्रिक गाडी पुरते, सगळ्यांत लहान बॅटरीचीसुद्धा. घरात ती दुसरी गाडी असेल आणि मुंबईसाठी लोकल धरायची सवय असेल, तर इथेच थांबा, साधं मॉडेल घ्या आणि उरलेला पैसा बँकेत ठेवा. एप्रिल 2013 पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत येते. मुंबईत गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा ती कितीतरी सोयीची आहे.

खरी कसोटी महिन्यातून दोन-चारदा येणाऱ्या लांबच्या दिवसाची असते. डहाणूहून किंवा तलासरीहून बोरिवली चारोटी-मनोर-घोडबंदर मार्गे साधारण 115 किलोमीटर. जाऊन-येऊन 230. सुरतेची बाजू घेतली तरी एका अंगाने दीडशेच्या आसपास. आता गणित मांडू.

कंपनी सांगते तो पल्ला चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतला असतो. चाचणीत वेग कमी असतो, एसी बंद असतो. महामार्गावर चार माणसं, सामान आणि एसीसह त्या आकड्याचा दोनतृतीयांश धरा, म्हणजे फसगत होणार नाही. त्याहून बरी पद्धत युनिटांची, एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. लहान-मध्यम गाडी महामार्गावर एका युनिटला सहा किलोमीटर देते असं धरा, मोठी एसयूव्ही साडेपाच. आणि बॅटरी शंभरवरून वीस टक्क्यांपर्यंतच वापरायची, खालचे वीस टक्के अडीअडचणीला.

25 च्या बॅटरीत वापरायला वीस युनिटं, म्हणजे 120 किलोमीटर. बोरिवलीला पोहोचाल, पण पोहोचताच चार्जर शोधावा लागेल. घोडबंदरला दोन तास अडकलात तर जीव टांगणीला लागेल. 35 च्या बॅटरीत 28 युनिटं, 168 किलोमीटर. जाणं निवांत, परतताना मनोरच्या आसपास एकदा चार्जिंगला थांबणं भाग. 45 च्या बॅटरीत 36 युनिटं, 216 किलोमीटर. तिथे काही कामासाठी थांबलात आणि गाडी दोन तास साध्या चार्जरला लावता आली, तर परतीची काळजी नाही. 59 च्या बॅटरीच्या मोठ्या गाडीत 47 युनिटं, जवळपास 260 किलोमीटर. ही गाडी बोरिवलीला जाऊन न थांबता परत येते.

वाहतूक कोंडीची अनेकांना धास्ती वाटते. अगदी लहान बॅटरी सोडली तर ती या गणितात फारशी धरू नका. उभ्या इलेक्ट्रिक गाडीत खर्च होतो तो मुख्यतः एसीचा, तासाला साधारण एक ते दीड युनिट. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला विवळवेढ्याजवळ गाड्यांची रांग लागते, तेव्हा डिझेल गाडी नुसती उभी राहून धूर ओकते, इलेक्ट्रिक गाडी शांत बसून असते.

घाटाचंही तसंच. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. माणसांसह पावणेदोन टनांची गाडी तिथवर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा फक्त दोनेक युनिटं जास्त लागतात, आणि कासाकडे परत उतरताना मोटर जनित्रासारखी चालून त्यातली बरीचशी बॅटरीत परत घालते. घाट चढायला परफॉर्मन्स आवृत्ती लागते ही समजूत डिझेलच्या काळातली. इलेक्ट्रिक मोटर उभ्यापासूनच पूर्ण जोर लावते. साध्यातल्या साध्या आवृत्तीलाही जव्हारचा चढ जड जात नाही.

पल्ला सगळ्यांत जास्त खातो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 च्या जागी 100 ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, 110 ने गेलात तर जवळजवळ दुप्पट. चारोटी ते घोडबंदर हे साधारण ऐंशी किलोमीटर 80 च्या वेगाने तासाभराचे, 100 ने अठ्ठेचाळीस मिनिटांचे. बारा मिनिटं वाचली, पण माझ्या हिशेबाने तीन युनिटं जास्त गेली. ती महामार्गावरच्या तीस किलोवॉटच्या चार्जरवर भरून घ्यायला सहा मिनिटं. निम्मी बचत तिथेच संपली, चार्जरपाशी रांग असेल तर सगळीच. द्रुतगती मार्गावर नियमाने कारला 120 पर्यंत मुभा असते. तलासरी तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई-बडोदा द्रुतगती मार्गाचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की 100 वरून 120 वर जाताना विरोध पुन्हा दीडपटीच्या जवळ जातो.

पिकअपबद्दल दोन गंभीर शब्द

पिकअप अगदी निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. डहाणू-कासा किंवा तलासरी-उधवा अशा दुपदरी रस्त्यावर समोर विटांचा ट्रक असेल, तेव्हा 40 वरून 80 वर झटकन जाता येणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे. पण ती गरज साधी आवृत्ती भागवते. पंच ईव्हीच्या 35 च्या मॉडेलला कंपनीने शून्य ते शंभरसाठी साडेनऊ सेकंद सांगितले होते, आणि कुटुंबाच्या गाडीला यापेक्षा वेगाची खरोखर गरज नसते. त्याहून जास्त जोर पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर उलट त्रास देतो. पुढच्या चाकांवर एकदम जोर आला की ती जागीच गरगरतात आणि स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं. नवशिक्या मुलाच्या हाती जाणार असलेल्या गाडीत तर हा विचार आधी करावा.

आपल्या महामार्गाचा इतिहास आपण सगळे जाणतो. 4 सप्टेंबर 2022 रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅगची होती, पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेल्या मिस्त्रींचा आणि त्यांच्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पोलिसांनी भरधाव वेगाचाही उल्लेख केला होता. त्या पुलावरून आपण महिन्यातून कितीदा तरी जातो. ज्या गाडीला चार सेकंदांत शंभर गाठता येतं, ती घेणाऱ्याने स्वतःला आणि घरातल्या मुलांना हे सांगितलं पाहिजे, की हा वेग इथे वापरायचा नाही. मग वापरायचा नाही त्याचे पैसे का द्यायचे?

जास्त ताकदीचे लपलेले खर्चही असतात. 2022 साली ठरलेल्या दरांनुसार इलेक्ट्रिक कारचा थर्ड पार्टी विमा मोटरच्या किलोवॉटवर ठरतो. 30 ते 65 किलोवॉटच्या नव्या कारला तीन वर्षांचा हप्ता 9,044 रुपये, 65 च्या वर गेली की 20,907. पंच ईव्हीची लहान आवृत्ती 60 किलोवॉटची, म्हणून खालच्या गटात. मोठी 90 ची, म्हणून वरच्या गटात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा किमतीप्रमाणे वाढतो तो वेगळाच. मोटार वाहन कराचं तेवढं बरं आहे, महाराष्ट्राच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात तो माफ केला आहे, त्यामुळे महागड्या मॉडेलवर कर वाढत नाही. (याच धोरणातली टोलमाफी समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मिळते. आपल्या चारोटी-खानिवड्याला टोल भरायचाच आहे.)

सगळ्यांत दुर्लक्षित खर्च टायरांचा. परफॉर्मन्स आवृत्तीला मोठी चाकं आणि पातळ बाजूचे टायर येतात, सीलला 19 इंची. ते खड्ड्यात फुटतात, रिमला बाक येतो आणि तो मापाचा टायर डहाणूच्या किंवा कासाच्या दुकानात मिळेलच असं नाही. वजन आणि जोर दोन्ही जास्त म्हणून ते झिजतातही लवकर. शिवाय जमिनीपासूनची उंची बघा. सीलची 145 मिलिमीटर, पंच ईव्हीची 190. गंजाड-सायवनच्या आतल्या रस्त्यांवर, मोऱ्यांच्या कडांवर आणि शाळेजवळच्या गतिरोधकांवर हा साडेचार सेंटिमीटरचा फरक रोज कळतो, कारण बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते आणि तिला बसलेला मार सगळ्यांत महाग.

मग चार चाकं ओढणारी गाडी कोणाला हवी? ज्यांची वाडी मुख्य रस्त्यापासून आत आहे, वाट मातीची आणि चढाची आहे आणि पावसाळ्याचे चार महिने रोज त्या चिखलातूनच निघावं लागतं, त्यांना. ही माणसं थोडी आहेत, पण त्यांच्यासाठी दोन मोटरींचा पैसा सार्थकी लागतो. तेही उंच एसयूव्हीत, बुटक्या सेडानमध्ये नाही. बाकीच्यांनी त्याच पैशात चांगले टायर घ्यावेत. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असतं म्हणून मोरीवरून वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. आयपी 67 या खुणेचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास एवढाच आहे. सूर्येला मिळणाऱ्या ओढ्यांचा लोंढा गाडी उचलून नेतो, तिला किती मोटरी आहेत हे तो बघत नाही.

घरची वीज: निर्णय खरा इथे होतो

डहाणूच्या खाडीकाठी 500 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. आपल्या घरी येते ती महावितरणची. वाऱ्या-पावसात वाडीतली फांदी तारेवर पडली की तासन्‌तास गेलेली वीज आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पडलेला दाब हा अनुभव कोणाला सांगायला नको. गाडीचं कोणतं मॉडेल घ्यायचं हे या विजेवर ठरतं आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी बोलत नाही.

साध्या 15-16 अँपियरच्या सॉकेटवर गाडी सुमारे 3.3 किलोवॉटने चार्ज होते. रात्रीचे आठ तास लावली तर 26 युनिटं ओढते, त्यातली 23 च्या आसपास बॅटरीत जातात. म्हणजे रात्रीत साधारण 140 किलोमीटरची सोय. 25 किंवा 35 च्या बॅटरीला हे पुरेसं आहे. 75 किंवा 79 ची बॅटरी या सॉकेटवर रिकामी असेल तर भरायला पूर्ण दिवस-रात्र लागते. मग 7.2 किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर घ्यावा लागतो, त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, कधी थ्री फेज जोडणी घ्यावी लागते. मोठ्या बॅटरीचा खर्च मोजताना हाही धरा.

मात्र मोठ्या बॅटरीच्या बाजूने एक खरा मुद्दा इथेच आहे. दोन दिवस वीज गेली तर लहान बॅटरीची गाडी दारात उभी राहते, मोठीत अजून दीडशे किलोमीटर शिल्लक असतात. डॉक्टर, गरोदर सून किंवा डायलिसिसला जाणारा माणूस घरात असेल, तर एवढ्या एकाच कारणासाठी मी मधली किंवा मोठी बॅटरी घ्या असं सांगेन.

अर्थिंगकडे कोणी लक्ष देत नाही आणि तक्रार गाडीची होते. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही, लाल दिवा दाखवून बसतो. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा असतो तो नावापुरता, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की तोही निकामी. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी तांब्याची वायर, तिच्यावर वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी, आणि नवा अर्थिंगचा खड्डा हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. किनाऱ्यालगत, बोर्डी-घोलवडच्या खारट हवेत, प्लगच्या पिना लवकर गंजतात. चार्जर पावसापासून आडोशाला लावा. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. तिकडे ज्यांच्या भिंतींना तडे आहेत त्यांनी तो भिंतीवर न लावता लोखंडी खांबावर लावावा.

महिन्याला बाराशे किलोमीटर चालवलंत तर घरच्या मीटरवर दोनशे युनिटांची भर पडते. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, म्हणजे गाडीची युनिटं वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात. याला चांगला उपाय छतावरची सौरऊर्जा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे आणि एवढा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. गाडी भागून घरालाही उरते. परफॉर्मन्स आवृत्तीसाठी मोजायचे दोन लाख इथे घातलेत, तर तो पैसा दर महिन्याला परत येत राहतो. माझ्या मते इतका चांगला दुसरा सौदा नाही.

चार्जिंगच्या वेगाच्या जाहिरातीलाही भुलू नका. वीस मिनिटांत ऐंशी टक्के हा दावा 175-180 किलोवॉटच्या चार्जरवरचा असतो. महामार्गावर तुमच्या वाटेत तीस किंवा साठचा चार्जर असेल तर दहा लाखांची आणि तीस लाखांची गाडी तिथे जवळपास सारख्याच वेगाने भरते, उलट मोठी बॅटरी जास्त वेळ अडवते. मनोर, चारोटी, तलासरी आणि पुढे वापीपर्यंत चार्जर किती किलोवॉटचे आहेत आणि चालू आहेत का, हे गाडी ठरवण्याआधी एका रविवारी स्वतः जाऊन पाहून या. ॲपवर हिरवा दिवा दिसतो म्हणून विसंबू नका.

चाचणी आणि खरेदी

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी ही चाचणी नव्हे. त्या फेरीत पिकअपच तेवढा कळतो, म्हणून तर ती तशी देतात. घरातली चार माणसं बसवा, एसी लावा, दोन्ही आवृत्त्या एकाच रस्त्यावर निदान तीस किलोमीटर चालवा. निघताना ट्रिपमीटर शून्यावर आणा आणि परतल्यावर एका किलोमीटरला किती वॉट-तास गेले ते वाचा. 165 च्या आसपास असेल तर युनिटला सहा किलोमीटर पडतात. मागच्या सीटवर आई-वडिलांना बसवून विचारा, कारण परफॉर्मन्स आवृत्तीचं सस्पेन्शन कडक असेल तर त्याचा दणका आधी त्यांच्या पाठीला बसतो.

बॅटरीची हमी वाचा. आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर ही सर्वसाधारण रीत, काही कंपन्या जास्तही देतात, पण काही हमी फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल ते लिहून घ्या. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे का हेही विचारा. ती अधूनमधून शंभर टक्के भरलेली चालते, उन्हाळा जास्त सोसते, आणि रोज घरी चार्ज करणाऱ्या आपल्यासारख्यांना तीच बरी. सर्व्हिस सेंटर बोईसर, वापी की वसई-विरारला, आणि रस्त्यात बंद पडली तर उचलून न्यायला वाहन कुठून येतं, हे त्याच वेळी ठरवून घ्या. तलासरीहून वापीचं शोरूम जवळ म्हणून तिथे गाडी ठरवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी नोंदणी आपल्याच जिल्ह्यात होईल आणि महाराष्ट्राची करमाफी मिळेल याची लेखी खात्री करावी.

एवढं सगळं पाहिल्यावर डहाणू-तलासरीतल्या बहुतेक घरांसाठी माझा कौल 35 ते 45 च्या बॅटरीच्या, एका मोटरीच्या, उंच बांधणीच्या गाडीला आहे. महिन्यातून चारदा तरी मुंबई किंवा सुरत करणाऱ्यांनी 50 ते 60 पर्यंत जावं. रोज फक्त बोईसर किंवा उंबरगाव करणाऱ्यांना 25 ची पुरते. दोन मोटरींची परफॉर्मन्स आवृत्ती चिखलाच्या चढावर राहणाऱ्यांनी घ्यावी, बाकी कोणी नाही. आणि जी घ्याल तिचं बुकिंग झालं की त्याच आठवड्यात वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, गाडी दारात येण्याआधी.